दारावरची दगडी ढाल कशी वाचायची? (जर्मनीतल्या विद्यार्थी मंडळांची कुलचिन्हं)

सोनटक्का (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मास्टर्ससाठी मारबुर्गला गेलाय. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक आहे, म्हणून सध्या एका मित्राच्या खोलीत गादी टाकून झोपतो. मागच्या आठवड्यात त्याला एक खोली सापडली. चढावरचं जुनं मोठं घर, बाग, लाह्न नदी दिसते, भाडं इतरांपेक्षा बरंच कमी. घर एका फरबिंडुंगचं आहे, म्हणजे मुलांचं जुनं विद्यार्थी मंडळ. एकदा सदस्य झालं की जन्मभर सदस्य, आणि नोकरीधंद्याला लागलेले जुने सदस्य घराचा खर्च चालवतात. "आधी राहून बघ, सदस्य व्हायचं की नाही ते नंतर ठरव," असं त्याला सांगितलंय.

त्याने दाराचा फोटो पाठवला. दारावर दगडात कोरलेली ढाल आहे आणि तिच्याखाली लॅटिनमध्ये 'ग्लाडियुस उल्टोर नोस्टर'. आईने फोनवर भाषांतर करून पाहिलं, 'तलवार आमची सूड घेणारी'. तेव्हापासून तिला नीट झोप नाही. रविवारी भावाशी बोलायचंय आणि त्याआधी मला ही ढाल समजून घ्यायची आहे. घराचं नाव आणि मंडळाचे रंग मुद्दाम लिहीत नाही, कुणाची ओळख उघड व्हायला नको. जे दिसतं ते लिहिते:

ढालीवर रंग अजिबात नाही. चार भाग, मध्ये आणखी एक छोटी ढाल. वर डावीकडे मुकुट घातलेला सिंह. त्याच्या अंगावर आडवे पट्टे, एकाआड एक पट्ट्यात बारीक उभ्या रेघा, आणि सिंहामागे सगळीकडे आडव्या रेघा. वर उजवीकडे तीन तिरके पट्टे, तिन्हींचं कोरीवकाम वेगवेगळं. खाली डावीकडे पानांच्या गोलात एकमेकींवर ठेवलेल्या दोन तलवारी. खाली उजवीकडे हातात घेतलेला हात, त्याभोवती स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप आणि एक तारीख. मधल्या छोट्या ढालीत गुंतागुंतीचं एक वेटोळं, त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. सगळ्यात वर शिरस्त्राण आणि तीन पिसं.

कुणाला यातलं काही वाचता येतं का?

---

रेघोट्या

ताई, ढालीवर रंग नाही असं तुम्ही लिहिलंत, पण रंग आहे. त्या रेघा म्हणजेच रंग.

मी छपाईच्या डिझाइनमध्ये काम करतो, हेराल्ड्रीची, म्हणजे कुलचिन्हांच्या शास्त्राची, आवड कॉलेजपासूनची. युरोपात छापील पुस्तकं आणि कोरीवकाम वाढलं तेव्हा प्रश्न आला की काळ्या शाईत किंवा दगडात लाल-निळा दाखवायचा कसा. १६३८ मध्ये सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता नावाच्या इटालियन जेझुइट धर्मगुरूने छापलेली रेघांची पद्धत सगळीकडे रुळली आणि आजही तीच चालते. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. उभ्याआडव्या जाळीचा काळा. ठिपके असतील तर सोनेरी, म्हणजेच पिवळा. कोरा भाग चंदेरी, म्हणजे पांढरा. तिरक्या रेघांचा हिरवा.

आता तुमचा सिंह बघा. मागे आडव्या रेघा, म्हणून मैदान निळं. अंगावर एक पट्टा उभ्या रेघांचा आणि एक कोरा, म्हणून सिंह लाल-पांढरा. निळ्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, मुकुट घातलेला सिंह हा हेसेनचा. मारबुर्ग हेसेनमध्येच आहे आणि आजच्या हेसेन राज्याच्या चिन्हावरही हाच सिंह आहे, फक्त त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. मुळात तो थुरिंगियाच्या लांडग्राव, म्हणजे प्रांताधिपती, घराण्याचा. १३व्या शतकात वारशाच्या भांडणातून हेसेन वेगळं झालं, सिंह दोघांकडे राहिला. त्या घराण्यातल्या कोनराडची त्याच शतकातली खरी ढाल मारबुर्गच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे, तिच्यावरही हाच सिंह. भावाला सांगा, चढ चढून जाऊन बघ.

तीन तिरके पट्टे हे मंडळाचे रंग असणार. किल्ली वर दिली आहे, ते तुम्ही घरीच वाचा, इथे लिहू नका.

आणि एक दुरुस्ती. हेराल्ड्रीत उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. ढालीमागे उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात म्हणजे बघणाऱ्याची डावी बाजू. तुमचा सिंह 'वर डावीकडे' नाही, ढालीच्या उजव्या वरच्या घरात आहे, आणि ती सगळ्यात मानाची जागा. तिथे सिंह बसवून त्या मुलांनी पहिल्यांदा हे सांगितलंय की आम्ही या प्रदेशातले.

---

सोनटक्का

रेघोट्या, हात जोडून आभार. फोटो मोठा करून तिन्ही पट्टे वाचले आणि भावाला विचारलं. तिथल्या मुलांच्या टोप्यांवर अगदी तेच तीन रंग आहेत, त्याच क्रमाने. अंगावर काटा आला.

---

मोडीवाचक

मला मधलं वेटोळं खुणावतंय. हात न उचलता लिहिलेली जोडअक्षरं दिसतात. मोडी वाचताना असंच होतं. एकेक अक्षर सुटं शोधत बसलं तर काही हाती लागत नाही, लेखणी कुठून निघाली आणि कुठे वळली ते बोटाने गिरवावं लागतं. ताई, ट्रेसिंग पेपरवर गिरवून बघा, किती अक्षरं सुटतात ते सांगा. पण शेवटी उद्गारचिन्ह का?

---

येनाकर

मी सात वर्षं जर्मनीतल्याच येना शहरात राहतो. मंडळाचा सदस्य नाही, पण माझ्या प्रयोगशाळेतले दोघे आहेत आणि त्यांच्या घरी जाणंयेणं असतं. थोडं सविस्तर लिहितो.

त्या वेटोळ्याला 'त्सिर्कल' म्हणतात. ते नुसतं शोभेचं नाही, ते वाक्य आहे. बहुतेक त्सिर्कलांमध्ये व्ही, सी आणि एफ ही तीन अक्षरं असतात, 'विवात, क्रेस्कात, फ्लोरेआत'. जगो, वाढो, बहरो. त्याला मंडळाच्या नावाचं आद्याक्षर जोडतात. वाक्य आशीर्वादाचं, जयघोषाचं आहे म्हणून शेवटी उद्गारचिन्ह. त्याच तीन अक्षरांचं आणखी एक वाचन आहे, 'विवात चिर्कुलुस फ्रात्रुम', म्हणजे बंधूंचं वर्तुळ चिरायू होवो. 'त्सिर्कल' हे नाव त्या वर्तुळाचंच. बुर्शनशाफ्ट नावाच्या मंडळांच्या त्सिर्कलात बरेचदा वेगळी अक्षरं सापडतात, ई, एफ, व्ही: 'एरे, फ्रायहाइट, फाटरलांड', म्हणजे सन्मान, स्वातंत्र्य, पितृभूमी. म्हणून मोडीवाचक म्हणतात तसं गिरवून बघाच. त्यात सी निघतो की ई, यावरून बरंच कळेल.

हातात हात आणि शेपटी गिळणारा साप ही ढालीतली सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट. साप म्हणजे ज्याला आदिअंत नाही ते, आणि हात म्हणजे मैत्री. ही चित्रं ढालीवर येण्याआधी विद्यार्थ्यांच्या वह्यांत होती. १६व्या शतकात विटेनबर्गच्या बाजूला 'श्टामबूख' ठेवायची रीत पडली. विद्यार्थी एक छोटी वही बाळगायचे, गाव सोडताना मित्र आणि प्राध्यापक तिच्यात चार ओळी, एखादं चित्र, सही करून द्यायचे. १८व्या शतकात मंडळं गुप्तपणे चालायची तेव्हा सहीपुढे एक खूण काढली की कळणाऱ्याला कळायचं. त्सिर्कल त्यातूनच घडला. पूर्ण ढाल, म्हणजे चार घरं, मधली छोटी ढाल, शिरस्त्राण, पिसं, हे सगळं १९व्या शतकाच्या पूर्वार्धात जमून आलं. ती कुठल्या राजाने दिलेली नाही. विशीतल्या मुलांनी स्वतः जुळवलेली आहे. म्हणून हेराल्ड्रीचे कडक नियम तिच्यात मोडलेले दिसतात. लाल-निळ्यासारखे दोन गडद रंग शेजारी नकोत असा नियम, पण मंडळाच्या रंगांत लालशेजारी निळा आला तर येऊ दे, रंग मित्रांनी ठरवलेत. सामान्य घरांनी बंद शिरस्त्राण घ्यावं आणि तोंडावर लोखंडी गज असलेलं सरदारांनी, असा संकेत होता. अनेक विद्यार्थी ढालींवर सरळ गजांचं शिरस्त्राण आहे. पिसं शहामृगाची, आणि तीही मंडळाच्या रंगांत.

सिंहाबद्दल रेघोट्यांनी लिहिलंच आहे. मंडळांची नावं बघा: बोरुस्सिया म्हणजे प्रशिया, साक्सोनिया, बव्हारिया, हानोवेरा, सगळी प्रदेशांची लॅटिन नावं. परगावी शिकायला आलेली एका मुलखातली मुलं एकत्र राहायची, त्यातून हे सुरू झालं. त्यामुळे ढालीवर प्रशियाचा काळा गरुड, बव्हारियाचे निळे-पांढरे शंकरपाळे, हानोवरचा लालवर पांढरा घोडा, असं काही ना काही मुलखाचं असतंच.

आता आईंच्या काळजीचं. 'ग्लाडियुस उल्टोर नोस्टर' हे त्या एका घराचं वाक्य नाही. 'कोर' प्रकारच्या कितीतरी मंडळांचं ते शस्त्रवाक्य आहे. १९व्या शतकात अपमान झाला की विद्यार्थी द्वंद्वाला उभे राहायचे, 'आमच्या मानाचा कैवार तलवार घेईल' असा तेव्हाचा अर्थ. आज त्याचा सूडाशी संबंध नाही. पण तलवारींचा खऱ्या तलवारींशी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कोर मंडळांत पूर्ण सदस्य व्हायचं तर 'मेन्झूर' लढावी लागते. समोरासमोर ठरलेल्या अंतरावर उभं राहून, डोळ्यांना आणि मानेला संरक्षण बांधून, धारदार तलवारीने. त्यात हारजीत नसते, मागे न हटणं एवढंच बघतात. गालावर किंवा डोक्यावर व्रण राहू शकतो. भाड्याने राहणाऱ्याला हे लागू नाही, पण भावाने स्पष्ट विचारावं आणि उत्तर लेखी करारात बघावं.

---

सोनटक्का

गिरवलं. व्ही, सी, एफ आणि एक आद्याक्षर. म्हणजे जगो, वाढो, बहरो. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हे दारावर मोठं लिहायचं सोडून तलवार का लिहिली?"

मुलींचं काय असतं तिथे?

---

येनाकर

आईंचा प्रश्न रास्त आहे. मुलींच्या स्वतःच्या फरबिंडुंग आहेत, काही मिश्र मंडळंही आहेत, पण जुनी बहुतेक फक्त पुरुषांची. त्याचं कारण ढालींच्या वयात आहे. बाडेन या जर्मन राज्याने विद्यापीठाचं दार स्त्रियांना पूर्णपणे उघडलं १९०० साली आणि प्रशियाने १९०८ साली. तोवर या ढाली दगडात कोरून झाल्या होत्या.

---

दक्षिणायन

चांगली चर्चा चालली आहे, तरी एक बाजू राहतेय. मैत्रीच्या सापाबरोबर या घरांत दुसरंही काही राहिलंय आणि परदेशातून आलेल्या मुलाने ते माहीत करून घेऊनच उंबरठा ओलांडावा.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात या मंडळांत ज्यूद्वेष शिरला. थिओडोर हर्झल व्हिएन्नात 'आल्बिया' या मंडळाचा सदस्य होता. १८८३ साली संगीतकार वाग्नरच्या स्मृतीसाठी झालेल्या विद्यार्थी सभेत ज्यूद्वेष्टी भाषणं झाली, त्यात त्याच्या मंडळाचा भाग होता, आणि त्याने राजीनामा दिला. पुढे झायनवादाची, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा या चळवळीची, उभारणी करणारा हाच माणूस. त्याच सुमारास, १८८२ मध्ये, व्हिएन्नातल्या ज्यू विद्यार्थ्यांनी 'कादिमा' काढली. त्या हिब्रू शब्दाचे दोन अर्थ होतात, 'पुढे' आणि 'पूर्वेकडे'. टोपी, फीत, तलवार हे सगळं त्यांनीही घेतलं. ज्या खुणांनी त्यांना बाहेर ठेवलं होतं त्याच खुणा त्यांनी मानाने अंगावर चढवल्या. मला ही गोष्ट वाचून फार वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

पहिल्या महायुद्धानंतर मंडळांच्या बहुतेक मोठ्या संघांनी ज्यूंना प्रवेश बंद केला. नाझी आले तेव्हा बऱ्याच जणांनी स्वागत केलं आणि १९३५-३६ च्या सुमारास नाझींनीच ही मंडळं मोडीत काढली, कारण त्यांना स्वतःच्या संघटनेशिवाय दुसरी निष्ठा नको होती. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. २०११ साली बुर्शनशाफ्टांच्या एका मोठ्या संघात वाद पेटला, आईवडील चीनमधून आलेल्या पण जर्मनीत जन्मलेल्या सदस्याला 'जर्मन' मानायचं की नाही यावर. त्यानंतर अनेक मंडळं बाहेर पडली आणि २०१६ मध्ये काहींनी वेगळा संघ स्थापला.

सगळ्यांना एका मापाने मोजू नका. कोर मंडळं राजकारण आणि धर्म बाहेर ठेवतात असं त्यांचं तत्त्व आहे. विंगोल्फ ही ख्रिस्ती मंडळं १८४० च्या दशकापासूनची, काळा-पांढरा-सोनेरी हे त्यांचे रंग, द्वंद्व त्यांनी पहिल्यापासून नाकारलं. कॅथलिक मंडळंही तलवार लढत नाहीत. पण दारावरची ढाल तुम्हाला १८५० सालचं सांगेल, आजचं नाही. आजचं कळायला भावाने तीन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही कुठल्या संघात आहात? सध्या राहणाऱ्यांत परदेशी किती? आणि १९३३ नंतर तुमच्या ज्यू सदस्यांचं काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला ते कसं उत्तर देतात ते नीट बघा.

---

रेघोट्या

दक्षिणायन, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी रेषांच्या प्रेमात वाहवत गेलो होतो.

---

जुने_पान

मी हायडेलबर्गला विद्यापीठाचा जुना तुरुंग पाहिलाय, 'कार्त्सर'. पूर्वी विद्यार्थ्यांवर खटला नगरपालिका चालवत नसे, विद्यापीठच चालवायचं. रात्री दंगा, दारू पिऊन आरडाओरडा, द्वंद्व, शिपायाचा अपमान, असल्या गुन्ह्यांसाठी एका दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत कोठडी. सुरुवातीचे दिवस पाव आणि पाणी, पण तासांना जायला परवानगी. १९१४ पर्यंत हे चाललं. कोठड्यांना मुलांनी राजवाड्यांची नावं दिली होती, 'सांसूसी', 'पाले रोयाल'.

भिंती आणि छत, एक वीत जागा कोरी नाही. मेणबत्तीच्या काजळीने आणि रंगाने काढलेल्या काळ्या छायाकृती, बाजूने दिसणारा चेहरा आणि त्यावर रंगीत टोपी. खाली नाव, तारखा, आणि प्रत्येकाचा त्सिर्कल. मी तेव्हा त्याला नुसती लपेटदार सही समजले होते! आज येनाकरांचं वाचून फोटो पुन्हा उघडले. एकेका चेहऱ्याखाली जगो, वाढो, बहरो.

दुसरं, जुन्या बाजारातून मी एक छायाचित्र घेतलं होतं, टोपी आणि आडवी फीत घातलेला मुलगा. मागे शाईने दोन नावं, मध्ये 's. l.' अशी दोन अक्षरं, आणि पहिल्या नावापुढे त्सिर्कल व तीन फुल्या. या फुल्यांचं काय?

---

येनाकर

जुने_पान, फुल्या म्हणजे पद. एक फुली मंडळाच्या प्रमुखाची, दोन फुल्या त्याच्याखालच्याची, तीन फुल्या तिसऱ्या पदाची, पत्रव्यवहार किंवा पैसा सांभाळणाऱ्याची. फुल्या कंसात असतील तर पद पूर्वी होतं. 's. l.' म्हणजे 'झायनम लीबन', 'आपल्या लाडक्या'. अमुक त्सिर्कल तीन फुल्या, आपल्या लाडक्या तमुकला. तुमच्या हातात कुणाच्या तरी निरोपाची भेट आहे.

फीत उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला जाते. याशिवाय 'त्सिप्फल' म्हणून फितीचा एक छोटा तुकडा असतो, धातूच्या पट्टीत बसवलेला, पट्ट्याला किंवा पूर्वी घड्याळाला लटकवायचा. नव्या मुलाला मार्गदर्शक म्हणून एक मोठा भाऊ दिलेला असतो. ते दोघे एकमेकांना त्सिप्फल देतात, मागे दोन्ही नावं आणि त्सिर्कल कोरून. माझ्या सहकाऱ्याच्या आजोबांचा त्सिप्फल त्याच्याकडे आहे. त्याने तो मला हातात घेऊन दिला तेव्हा रेशीम विरलेलं होतं, अक्षरं मात्र लख्ख.

आणि येनाचा माणूस असून मूळ गोष्ट सांगितली नाही तर बरं दिसणार नाही. १२ जून १८१५ ला इथे पहिली बुर्शनशाफ्ट स्थापन झाली. सगळ्या मुलखांची वेगवेगळी मंडळं बरखास्त करून एकच, सगळ्या जर्मनांची. संस्थापकांत बरेच जण नेपोलियनविरुद्ध ल्युट्सोच्या स्वयंसेवक पलटणीत लढून आले होते. त्या पलटणीत जो तो आपापला कोट घेऊन यायचा, सगळे सारखे दिसावेत म्हणून ते काळे रंगवायचे. त्यावर लाल पट्ट्या आणि पितळी बटणं. ३१ मार्च १८१६ ला येनाच्या स्त्रियांनी मंडळाला झेंडा शिवून दिला, लाल-काळा-लाल, मध्ये सोनेरी ओकची डहाळी. पुढच्या वर्षी १८ ऑक्टोबरला वार्टबुर्ग किल्ल्यावर सुमारे पाचशे विद्यार्थी जमले. तिथे पुस्तकंही जाळली गेली, हे दक्षिणायन सांगतीलच म्हणून आधीच लिहितो. १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबूचा खून केला, त्यानंतर कार्ल्सबाडचे हुकूम निघाले आणि बुर्शनशाफ्टवर बंदी आली. पण काळा-लाल-सोनेरी मरेना. १८३२ ला हामबाखच्या मेळाव्यात, १८४८ च्या क्रांतीत, १९१९ च्या आणि १९४९ च्या राज्यघटनेत. आज सरकारी कचेरीवर फडकतो तो झेंडा म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळाचे रंग.

---

पाथरवट

काळा-लाल-सोनेरी जुन्या साम्राज्याच्या चिन्हातून आला असं मी वाचलंय. सोनेरी मैदानावर काळा गरुड, चोच आणि नख्या लाल. पलटणीच्या कोटांची गोष्ट नंतर जुळवलेली नसेल कशावरून?

---

येनाकर

पाथरवट, गरुडाचं स्पष्टीकरण नंतर जोडलं गेलं आणि लोकांना पटलं, कारण त्याने रंगांना हजार वर्षांचं वय मिळालं. पण पहिला झेंडा लाल-काळा-लाल आणि सोनेरी डहाळीचा होता. गरुडावरून रंग घेतले असते तर त्यात सोनेरी इतका कमी आला नसता. पलटणीतून परतलेली माणसंच संस्थापक होती, म्हणून मी कोटांच्या बाजूने.

---

पाथरवट

डहाळीचा मुद्दा मान्य.

---

हिमगौरी

मी एस्टोनियात तार्तूला असते, नोकरीसाठी आले आणि इथलीच झाले. एका देशाचा झेंडा विद्यार्थ्यांकडून आला असं येनाकर सांगतात. मी दुसरा देश सांगते, आणि माझ्या मते ही गोष्ट आणखी जिव्हाळ्याची आहे.

तार्तूचं विद्यापीठ रशियन साम्राज्यात होतं, शिकवणं जर्मनमध्ये. विद्यार्थी मंडळंही बाल्टिक जर्मन जमीनदारांच्या मुलांची. एस्टोनियन म्हणजे शेतकरी, कूळ. शिकायचं तर जर्मन व्हायचं अशी पद्धत होती. १८७० मध्ये थोडे एस्टोनियन विद्यार्थी एकत्र जमून आपलं महाकाव्य वाचायला लागले, आपल्या भाषेत. त्यातून एस्टोनियन विद्यार्थी संघ झाला. २९ सप्टेंबर १८८१ ला त्यांनी जर्मन मंडळांसारखं स्वतःचं मंडळ काढायचं ठरवलं आणि रंग निवडले, निळा, काळा, पांढरा. विद्यापीठाने मान्यता दिली नाही, जर्मन मंडळांचा विरोध होता. तरी १८८४ च्या वसंतात त्यांनी रेशमी झेंडा शिवला. तार्तूत फडकवायची सोय नव्हती म्हणून ४ जूनला ओतेपाच्या चर्चच्या आवारातल्या घरात त्याला आशीर्वाद दिले.

निळा म्हणजे आकाश, तळी आणि एकनिष्ठा. काळा म्हणजे माती, शेतकऱ्याचा काळा कोट आणि सोसलेला काळ. पांढरा म्हणजे बर्फ, भूर्जाची साल आणि शिक्षणाचा उजेड. इथल्या हिवाळ्यात एकदा गाडीतून जाताना मला हे तीन पट्टे खिडकीतून जसेच्या तसे दिसले. वर निळं, मध्ये अरण्याची काळी रेघ, खाली बर्फ.

१९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि मंडळाचे रंग देशाचे झाले. सोव्हिएत काळात ते बंद. मूळ रेशमी झेंडा एका शेतघरात चिणून लपवून ठेवला होता, तो सोव्हिएत राजवट गेल्यावर बाहेर निघाला आणि आता इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काचेमागे, मंद उजेडात. शाळेची मुलं येतात, बोलत येतात आणि तिथे गप्प होतात. २४ फेब्रुवारी १९८९ ला टॅलिनच्या 'उंच हेर्मान' बुरुजावर तो पुन्हा चढला. ४ जून हा आमचा ध्वजदिन.

सोनटक्का, तुमच्या आईंना हे सांगा. त्या विद्यार्थ्यांचीही नुसती टोपी आणि फीतच होती.

---

मोडीवाचक

हिमगौरी, शेतघरात चिणून ठेवलेला झेंडा. दप्तरं वाचताना गवताच्या गंजीत लपवलेल्या कागदांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यामुळे हे फार जवळचं वाटलं.

---

सोनटक्का

रविवारी बोलणं झालं. थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

भाऊ तिथे जेवायला गेला होता. दक्षिणायन यांचे तिन्ही प्रश्न त्याने विचारले. पहिल्याला सरळ उत्तर मिळालं, कोर मंडळांचा संघ. दुसऱ्याला, सध्या तीन परदेशी राहतात, त्यातला एक पूर्ण सदस्य, त्याने मेन्झूर लढलेली आहे. तिसऱ्या प्रश्नावर टेबलावरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक म्हातारे सदस्य उठले आणि त्याला वर घेऊन गेले. जिन्यात जुन्या छायाकृतींच्या ओळी आहेत. त्यांनी एकेकाच्या सहीवर बोट ठेवून दाखवलं, हा डॉक्टर होता, हा वकील, या दोघांची नावं १९३०च्या दशकात यादीतून काढली. युद्धानंतर नावं परत घातली, पण ते दोघे परत आले नाहीत. "आम्ही हे उशिरा विचारायला लागलो," एवढंच ते म्हणाले. भावाने त्या दोघांच्या सह्यांपुढचे त्सिर्कल वाचले, एकापुढे दोन फुल्या होत्या.

खोली त्याने घेतली नाही. तलवारीमुळे नाही, रागही नाही. त्याला वसतिगृहात जागा मिळाली आणि स्वयंपाक स्वतः करायचाय. पण गुरुवारी त्यांच्याकडे बुद्धिबळ असतं, तिथे जाणार म्हणतो. आईचं झोपेचं ठीक आहे. किल्ल्यातली कोनराडची ढाल बघून आला, फोटो पाठवलाय, सिंहाचे पट्टे अजून ओळखू येतात.

त्याला आता दुसरं वेड लागलंय, येताजाता दारं वाचत असतो. रेघोट्या, त्याचा एक प्रश्न आहे. खालच्या गल्लीतल्या एका ढालीवर एका घरात सगळ्या तिरक्या रेघा आहेत, पण वर उजवीकडून खाली डावीकडे उतरणाऱ्या. तुमच्या किल्लीप्रमाणे तो हिरवा का?

---

रेघोट्या

तिरक्या रेघांचे दोन रंग असतात, ते मी घाईत लिहायचं राहिलो. एका दिशेला हिरवा, उलट दिशेला जांभळा. पण आधी एक सांगा, 'वर उजवीकडून' म्हणजे कुणाच्या उजवीकडून? त्याच्या, की ढालीच्या?

---

सोनटक्का

त्याच्या. तो रस्त्यात उभा राहून बघत होता.

---

रेघोट्या

मग जांभळा.